डोंगर लांब असू दे, वाट दारातून हवी

चढाच्या ऐन मध्यावर धाप लागलेली असते, बाटलीतलं पाणी अर्ध्यावर आलेलं असतं आणि समोरून कुणीतरी झपझप उतरत येतं. आपण विचारतो, "काका, अजून किती राहिलंय हो?" काका थांबतात, मागं वळून बघतात आणि ठाम आवाजात सांगतात, "आलंच की! ते वळण दिसतंय ना, ते संपलं की पोचलात." ते वळण संपतं. पुढं आणखी एक असतं, त्याच्या पुढं आणखी एक. पण काकांचा राग येत नाही. उतरणाऱ्याला वाट खरंच तेवढी छोटी वाटलेली असते आणि चढणाऱ्याला तेवढंच ऐकायचं असतं.

खरा हिशेब केव्हाच मांडून झालेला आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली सांगून ठेवलं की तासाला तीन मैल, म्हणजे साधारण पाच किलोमीटर धरा आणि दर दोन हजार फुटांच्या चढाला एक तास वरून जोडा. आजही नकाशा पसरून बेत आखणारे याच ठोकताळ्यानं सुरुवात करतात. तरी चढावर उभा असलेला माणूस आकडेमोड करत बसत नाही, समोरून येणाऱ्याला विचारतो. मला हे विचारणंच फार मोलाचं वाटतं. ज्या इमारतीत वर्षानुवर्षं राहतो तिथल्या लिफ्टमध्ये आपण मजल्याच्या आकड्याकडे बघत उभे असतो. पायवाटेवर मात्र अनोळखी माणसाचा हात धरून खडक उतरतो, त्याला आपल्यातलं पाणी देतो, पुढं घसरडं आहे म्हणून बजावतो. माणसं तीच असतात, जागा बदलली की वागणं बदलतं. जागेत एवढा गुण असेल तर ती रोजच्या जगण्यात का असू नये?

उघड्यावर असणं, झाडाखाली थांबणं, मातीवर चालणं हे सगळं आपण सुट्टीच्या खात्यात टाकून मोकळे झालो आहोत. निसर्गात जायचं म्हणजे पहाटे उठायचं, गाडी काढायची, तासन्‌तास प्रवास करायचा, एखाद्या प्रसिद्ध कड्यापाशी गर्दीत उभं राहून फोटो काढायचा आणि अंधार पडायच्या आत परत फिरायचं. सार्वजनिक पैसाही मग त्याच दिशेनं वाहतो. कड्यापर्यंत रुंद रस्ता होतो, वर वाहनतळ होतो, काचेचा सज्जा होतो. घरातून निघून पायी गाठता येईल अशा एखाद्या वाटेसाठी मात्र कुणी मागणी करत नाही, आणि मागणी केलीच तर तिला सुशोभीकरण म्हणून यादीच्या तळाशी टाकलं जातं. माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा हवा. दारातून निघून, तिकीट न काढता, मोठ्या झाडांच्या सावलीतून अर्धा तास चालता येणं ही पाणीपुरवठ्याच्या आणि दिवाबत्तीच्या रांगेत बसणारी सोय आहे. दूरचे डोंगर साजरे आहेतच, ते साजरे राहू देत. पण रोज कुणाला दूर जाता येत नाही, आणि या गोष्टीचा खरा उपयोग रोज मिळाली तरच होतो.

मुलांच्या डोळ्यांचंच बघू. जी मुलं दिवसातला जास्त वेळ उघड्यावर असतात त्यांना जवळचं दिसतं पण दूरचं अंधुक, हा दोष उशिरा किंवा कमी प्रमाणात जडतो, असं अभ्यासकांना वारंवार दिसत होतं. चीनमधल्या ग्वांगझौ शहरात बारा शाळांमधल्या पहिलीच्या मुलांवर ते नीट तपासलं गेलं आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांनी रोज ४० मिनिटांचा एक तास वाढवला आणि तो वर्गाबाहेर, उघड्यावर घेतला. बाकीच्या शाळा नेहमीसारख्या चालल्या. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांमधल्या ३९.५ टक्के मुलांना हा दोष जडला होता, उघड्यावर जाणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण ३०.४ टक्के होतं. औषध नाही, उपकरण नाही, फक्त रोजची ४० मिनिटं. यामागं उजेडाचा मोठा हात असावा असं मानलं जातं. घरातल्या दिव्याखाली काहीशे लक्स उजेड असतो, बाहेर दिवसा झाडाच्या सावलीतही त्याच्या कितीतरी पट. आता हा उजेड महिन्याच्या एका सहलीत भरून घेऊन पुढं पुरवता येत नाही. तो रोज लागतो. म्हणजे आईबाबांना गाडी काढावी लागणार नाही आणि आजोबांना नातवाचं बोट धरून नेता येईल इतक्या अंतरावर मोकळी, झाडांची जागा लागते.

मोठ्या माणसांच्या बाबतीत रॉजर उलरिक यांचा १९८४ सालचा छोटासा अभ्यास मला अजून विलक्षण वाटतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या जुन्या नोंदी त्यांनी काढल्या. काही खोल्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, काहींतून विटांची तपकिरी भिंत. वय आणि बाकीच्या बाबी जुळवून त्यांनी २३ जोड्या लावल्या. झाडं दिसणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. एकूण ४६ माणसांवरून जगाचा नियम काढू नये हे खरं. पण त्या माणसांनी झाडाला हातसुद्धा लावला नव्हता. पडल्या पडल्या नुसतं बघितलं होतं. सगळं काम झाडानं जागचं न हलता केलं.

बाहेर पडायला सामान लागतं, हा एक समज या सगळ्याच्या आड येतो. दुकानाची काच बघितली की वाटतं, बूट, काठ्या, पाठीवरची पिशवी, घाम शोषणारे कपडे यांच्याशिवाय चालणं म्हणजे जिवाशी खेळ. अशा वेळी मला एमा गेटवुड आठवतात. अकरा मुलांची ही आई १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, अमेरिकेतली अपालाचियन ट्रेल एकटी चालून गेली. वाट सुमारे ३,३०० किलोमीटरची. पायात साधे कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली झोळी आणि पावसापासून आडोशाला न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. ती वाट एका दमात एकटीनं चालून पुरी करणारी ती पहिली बाई. नंतर तिनं ती आणखी दोनदा पुरी केली. पण तिच्या कथेतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळा आहे. चालून आल्यावर तिनं वाटेच्या अवस्थेबद्दल स्पष्ट बोलून दाखवलं: आडवे पडलेले वृक्ष, माजलेलं रान, पुसून गेलेल्या खुणा. पुढं त्या वाटेच्या देखभालीकडे लोकांचं लक्ष गेलं त्यात तिच्या बोलण्याचा वाटा होता. ६७ वर्षांच्या बाईला भारी बूट नकोच होते. कुणीतरी सांभाळलेली वाट तिला हवी होती.

तीच गोष्ट रोजच्या चालण्याची. वाट असली आणि ती सावलीची असली की माणसं आपोआप बाहेर पडतात. त्यांना व्यायामाचे फायदे सांगणारे फलक लागत नाहीत. गुडघे दुखणारी आजी, दोन कामांच्या मध्ये अर्धा तास मोकळा असलेला पोरगा, बाळाची गाडी ढकलणारा बाप, फोनवर भांडत भांडत चालणारी आणि तिसऱ्या वळणावर शांत झालेली मुलगी, ही सगळी त्या वाटेवर दिसतात. त्यातलं कुणीही स्वतःला गिर्यारोहक म्हणवत नाही. पण उघड्यावरचं जगणं खरं त्यांच्यामुळे टिकतं, कारण ती रोज येतात.

सावलीची वाट म्हणजे जुन्या झाडांची वाट, आणि इथं मला जरा थांबून बोलायचं आहे.

भर दुपारी उन्हातल्या डांबरावर हात टेकवा आणि मग तसाच झाडाखालच्या डांबरावर. सावलीतला पृष्ठभाग उन्हातल्यापेक्षा ११ ते २५ अंश सेल्सिअसनं थंड असू शकतो. यात नुसत्या आडोशाचा भाग आहेच, पण झाड आणखीही काही करत असतं. मुळांनी ओढलेलं पाणी पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन बाहेर पडतं, आणि त्या वाफेसाठी लागणारी उष्णता आजूबाजूच्या हवेतून आणि पानातूनच घेतली जाते. पत्र्याची शेड सावली देते, पण दुपारी तीच तापून वरून भाजते. पान तसं तापत नाही. म्हणून बसथांब्याच्या छपराखाली घाम पुसणारी माणसं चार पावलं सरकून शेजारच्या झाडाखाली जाऊन उभी राहतात.

हे सगळं करणाऱ्या झाडाशी आपण कसं वागतो? झाडाची मुळं खोल पाताळात उतरलेली असतात असं चित्र आपल्या मनात असतं. प्रत्यक्षात बहुतेक झाडांची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरातच पसरलेली असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बरीच पलीकडे जातात. मुळांना श्वास लागतो. तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. त्या मातीवर गाड्या उभ्या केल्या, फरशा ठोकल्या, बुंध्याला चिकटून काँक्रीट ओतलं की पोकळ्या बुजतात, पाणी मुरत नाही, आणि झाड गुदमरायला लागतं. ते लगेच मरत नाही हीच पंचाईत आहे. दोन-चार वर्षांनी शेंडा वाळतो, आणखी काही वर्षांनी वादळात झाड पडतं, आणि तोवर काँक्रीट कुणी ओतलं होतं हे सगळे विसरलेले असतात. दोष वाऱ्याला जातो.

कधी वेळ काढून एखाद्या जुन्या झाडाच्या बुंध्यापाशी उभं राहा आणि जिथं पूर्वी फांदी कापली होती ती जागा शोधा. मधोमध राखाडी, भेगाळलेलं मेलेलं लाकूड दिसेल. त्याच्या चहूबाजूंनी नव्या सालीचा गोल, जाडसर वळ आलेला असेल, आतल्या बाजूला दुमडलेला, गुळगुळीत, जुन्या सालीपेक्षा उजळ. बोट फिरवलं तर नवं आणि जुनं कुठं भेटतं ते कळतं. एखादी मुंग्यांची रांग त्या फटीतून आत जात असते. वर्षागणिक हा वळ आत सरकतो आणि शेवटी तोंड मिटवतो. अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी करवतीनं हजारो झाडं उभी चिरून बघितली आणि दाखवून दिलं की झाड आपल्यासारखी जखम भरून काढत नाही. खराब झालेला भाग ते आतून भिंती घालून वेगळा पाडतं आणि त्याच्या बाहेर नवं लाकूड चढवत जातं. जुनी जखम आत तशीच राहते. म्हणूनच फांदी कुठं कापायची याला महत्त्व आहे. फांदीच्या मुळाशी एक फुगीर कडं असतं. ते राखून त्याच्या बाहेरून काप घेतला तर झाडाला ती भिंत घालता येते. खोडाशी सपाट कापली, किंवा तारा मोकळ्या करायच्या म्हणून अर्ध्यात तोडून खुंट ठेवला, तर कुजण्याला दार उघडं मिळतं. ही गोष्ट समजायला अर्धा दिवसाचं प्रशिक्षण पुरतं. करवत हातात देण्याआधी ते का दिलं जात नाही, हा प्रश्न प्रत्येक शहरात लोकांनी विचारायला हवा.

आता वृक्षारोपणाबद्दल. एक जुनं झाड तोडायचं आणि बदल्यात दहा रोपं लावायची, हा सौदा सगळीकडे चालतो आणि कागदावर फायद्याचा दिसतो. मला तो मुळातच चुकीचा वाटतो. दहा रोपांच्या खाली आज एक माणूसही उभा राहू शकत नाही. ज्या आजीला आज दुपारी सावली हवी आहे तिला पंचवीस वर्षांनी मिळणार असलेल्या सावलीचा उपयोग नाही. शिवाय त्या दहांपैकी किती जगली हे बघायला कुणी फिरकत नाही, कारण मोजणी लावण्याच्या दिवशी होते, फोटोही त्याच दिवशी निघतो. रोपं लावू नयेत असं मी म्हणत नाही. जरूर लावावीत, आणि मोजणी पाच वर्षांनी करावी. पैसेही त्या मोजणीनंतरच चुकते करावेत. पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत पाणी कोण घालणार त्या माणसाचं नाव रोप लावायच्या आधी ठरलेलं असावं. मात्र जुनं झाड तोडण्याची भरपाई म्हणून रोपांचा आकडा कुणी पुढं केला तर तो तिथंच नाकारावा.

मोजायचंच असेल तर सावली मोजावी. नगरवनांचे अभ्यासक सेसिल कोनायनेंडाइक यांनी २०२१ साली एक साधं सूत्र मांडलं: प्रत्येक घरातून किमान ३ मोठी झाडं दिसावीत, प्रत्येक वस्तीच्या ३० टक्के जागेवर झाडांच्या फांद्यांचं छत्र असावं आणि कुठल्याही घरापासून ३०० मीटरच्या आत हिरवी मोकळी जागा असावी. मला हे सूत्र आवडतं ते त्याच्या माणसाच्या बाजूनं बघण्यामुळे. शहरात एकूण किती लाख झाडं आहेत या आकड्यानं काहीच कळत नाही, कारण ती सगळी एका श्रीमंत उपनगरात असू शकतात. तुमच्या खिडकीतून काय दिसतं, हे विचारलं की लपवायला जागा राहत नाही. ३०० मीटर म्हणजे चार-पाच मिनिटांची चाल. तेवढ्यासाठी कुणाला तयारी करावी लागत नाही, घरातल्या चपलेवर जाता येतं.

जागा मिळाली की दुसरा धोका सुरू होतो. ती सुधारली जाते. मातीच्या वाटेवर रंगीत ठोकळे बसतात, कडेला कठडा येतो, गवताच्या जागी हिरवी प्लास्टिकची चटई येते, झाडाच्या फांद्यांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्या जातात आणि प्रवेशदारावर काय काय करू नये याची लांबलचक यादी लागते. पानं पडली की झाडून, पोत्यात भरून बाहेर फेकली जातात. ही पानं कुजूनच त्या झाडाची माती होणार होती. पावसाळ्यानंतर झाडाखालच्या पानांचा थर बोटानं जरा उचकटला तर खाली ओलसर अंधारात पानाची नुसती जाळी उरलेली दिसते, पांढरे बुरशीचे धागे दिसतात, एखादी गोगलगाय दचकून आत जाते. लहान मूल त्या एका वीतभर जागेत अर्धा तास रमतं. ठोकळ्यांवर ते रमत नाही, कंटाळून फोन मागतं.

बाकीचं काम पायांवर सोडावं. नवीन मैदानात आखणी करणाऱ्यानं काटकोनात रस्ते केले तरी काही महिन्यांत गवतातून एक तिरकी, किंचित वळणाची वाट उमटते. ती सगळ्यांनी मिळून काढलेली असते आणि बहुतेक वेळा तीच बरोबर असते. त्या वाटेवर काटेरी तार ओढण्याऐवजी तिलाच खडी-माती घालून पक्कं करावं आणि चाकाच्या खुर्चीला जाता येईल इतका तिचा उतार ठेवावा. बाक मात्र भरपूर हवेत, आणि ते पाठ टेकायला जागा असलेले हवेत. बाक नसले की म्हातारी माणसं येणं थांबवतात, कारण मध्ये बसायला मिळेल याची खात्री असल्याशिवाय ती घरातून निघतच नाहीत.

मोकळ्या जमिनीवर चालायचा हक्क हा वादाचा विषय आहे, आणि तो वाद जुना आहे. इंग्लंडमध्ये किंडर स्काउटचं पठार जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलं होतं आणि चालणाऱ्यांना तिथं मज्जाव होता. २४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे चारशे माणसं, त्यातली बरीचशी मँचेस्टर-शेफिल्डच्या कारखान्यांमधली तरुण मुलं, ठरवून त्या पठारावर चढली. रखवालदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला. आठवडाभर धुरात काम करणाऱ्या पोरांना रविवारी टेकडीवर चालायचं होतं, गुन्हा एवढाच. त्या शिक्षेनं लोकमत त्यांच्या बाजूनं वळलं. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागात प्रवेशाचा कायदा झाला, १९५१ साली तोच परिसर त्या देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला, आणि २००० सालच्या कायद्यानं इंग्लंड-वेल्समधल्या उघड्या माळांवर आणि डोंगरांवर चालायचा हक्क मिळाला. स्कॉटलंडनं २००३ साली त्याहून मोकळा कायदा केला. नॉर्वेत तर १९५७ पासून कायदाच सांगतो की लागवडीखाली नसलेल्या मोकळ्या रानातून कुणीही पायी जावं, राहत्या घरापासून १५० मीटर दूर तंबू ठोकावा, एक-दोन रात्री मुक्काम करावा आणि नुकसान न करता निघावं.

जमीनमालकांचं म्हणणं मी धुडकावून लावत नाही. उभ्या पिकातून माणसं चालली, फाटक उघडं टाकून गेली, जनावरं बाहेर पडली तर नुकसान त्यांचं होतं. पण नॉर्वेचा आणि स्कॉटलंडचा कायदा याच काळजीतून लिहिलेला आहे: घराच्या अंगणात नाही, पिकात नाही, आणि हक्काबरोबर जबाबदारी. तिथली शेती बुडालेली नाही. आणि आपल्या रोजच्या वाटांपुरतं बोलायचं तर बहुतेक ठिकाणी खाजगी मालकीचा प्रश्नच नसतो. कालव्याच्या, नदीच्या, पाणीसाठ्याच्या कडेच्या सरकारी जागा, शाळांची मैदानं, संस्थांची आवारं सार्वजनिक पैशांवर चालतात आणि दिवसातला बराच वेळ कुलूपबंद असतात. शाळा सुटल्यावर मैदान बंद होतं आणि त्याच शाळेतली मुलं रस्त्याच्या कडेला गाड्यांमधून चेंडू शोधत फिरतात. हे कुलूप काढायला कुठलाही मोठा निधी लागत नाही. दोन तास जास्त थांबणारा एक माणूस लागतो आणि त्याचा पगार.

गर्दीनं निसर्ग खराब होतो, हा आक्षेप खरा आहे. डोंगरावर चालणाऱ्यांनी तो स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला असतो. नागमोडी वाटेचं वळण टाळून काही जण सरळ खाली उतरतात. त्यांच्या पावलांनी गवत उखडतं, पुढच्या पावसात पाणी तोच सरळ रस्ता धरतं आणि दोन वर्षांत तिथं गुडघाभर घळ पडते. चिखल चुकवायला माणसं कडेनं जातात, कड चिखल होते, मग त्याच्याही कडेनं, आणि एका माणसाची वाट गाडीरस्त्याएवढी रुंद होते. चिखल आला तर मधूनच जावं, बूट धुता येतात. पण या आक्षेपाचं उत्तर मला उलट्या बाजूनं दिसतं. एकाच कड्यावर हजारो माणसं एका दिवशी का लोटतात? कारण बाकीचे सहा दिवस त्यांना कुठंच जाता आलेलं नसतं. जवळ शंभर साध्या वाटा असतील तर गर्दी शंभर ठिकाणी विभागते आणि तो एक कडा जरा श्वास घेतो. शिवाय रोज एकाच झाडाखालून जाणाऱ्याला ते झाड ओळखीचं होतं. त्याच्या फांदीवर कुऱ्हाड पडली की तोच पहिला विचारायला येतो. एका दिवसाच्या पाहुण्याकडून ती अपेक्षा करता येत नाही.

बायकांच्या सुरक्षेचा प्रश्न याहून अवघड आहे. झाडी दाट असली की भीती वाटते म्हणून झाडीच छाटा, अशी मागणी होते, आणि ती करणाऱ्यांना दोष देता येत नाही. एकटीनं संध्याकाळी चालताना वाटणारी भीती खरी असते. मला वाटतं, उपाय वाटेच्या रचनेत आहे. वाटेच्या दोन्ही बाजूंना काही अंतर झुडपं कमी ठेवावीत म्हणजे पुढचं लांबवर दिसेल, मोठी झाडं तशीच ठेवावीत, बाहेर पडायला एकाऐवजी अनेक तोंडं ठेवावीत, बंद दरवाजा आणि उंच भिंत टाळावी. आणि वाट अशी असावी की तिच्यावर सगळ्या वयाची माणसं सगळ्या वेळी असतील. रिकामी वाट कितीही दिवे लावले तरी भीतीदायकच राहते. माणसांचा राबता असला की पोरीबाळी निर्धास्त होतात आणि त्यांच्या येण्यानं राबता आणखी वाढतो.

फांदी डोक्यावर पडेल या धास्तीनं जुनी झाडं सरसकट उडवणं, याचाही इथं उल्लेख करायला हवा. दरवर्षी पावसाळ्याआधी जाणकारानं बुंधा ठोकून बघावा, पोकळी किती आहे ते तपासावं, वाळलेल्या फांद्या काढाव्यात. वाकलेलं झाड धोक्याचंच असतं असं नाही, आणि सरळसोट झाड आतून कुजलेलं असू शकतं. तपासणीला झाड तोडण्यापेक्षा कमी खर्च येतो.

राहता राहिला हे ठरवणाऱ्यांचा प्रश्न. वाटांबद्दलचे निर्णय वातानुकूलित खोलीत नकाशावर होतात, आणि नकाशावर सगळ्या वाटा सारख्याच दिसतात. माझी मागणी अशी आहे की ही बैठक वाटेवर, चालत घ्यावी. उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता, हातात सामानाची पिशवी घेऊन, सोबत एक सत्तरी ओलांडलेलं माणूस आणि एक सहा वर्षांचं मूल घेऊन घरापासून जवळच्या मोकळ्या जागेपर्यंत जाऊन यावं. सावली कुठं तुटली, बसायला जागा कुठं मिळाली नाही, कुठल्या फाटकाला कुलूप होतं आणि सोबतचं मूल स्वतःहून कुठं थांबलं, एवढं वहीत टिपून आणावं. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक त्या वहीवरून करावं.